पोच घेतली का पोरींनो?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं, की हल्लीच्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांना समाजाचं काही पडलेलं नाही, रील आणि गेम सोडून डोक्यात काही नाही, आमच्या वेळी असं नव्हतं वगैरे. लिहिणारे काका वयानं मोठे असणार, त्यांचा मान ठेवून सांगते, मला अर्धं पटलं आणि अर्ध्याचा राग आला, म्हणून लिहायला बसले. पत्र लांबणार आहे, कापायचं तर कापा, पण मधलं कापू नका, मधलंच महत्त्वाचं आहे.

मी कोण ते आधी सांगते. तालुक्याच्या गावात ज्युनिअर कॉलेजच्या गेटसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे, सतरा वर्षं झाली. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाईन फॉर्म, स्कॉलरशिप, प्रोजेक्टची कव्हरं, आणि मराठी टायपिंग. ह्या टायपिंगमुळं गावातली निम्मी निवेदनं माझ्या कॉम्प्युटरमधनं बाहेर पडतात. "वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक निवेदन सादर करतो की" हे मी झोपेत पण टाईप करू शकते. त्यामुळं कुणाला काय पडलंय आणि कुणाला नाही हे मला काउंटरवरनं बऱ्यापैकी दिसतं, काकांना घरात बसून दिसणार नाही एवढं तरी नक्की.

तर दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळी होऊन गेलेली, दिवस लहान. अकरावी सायन्सच्या पाच पोरी दुकानात आल्या. त्यांचा क्लास सातला सुटतो, तिथनं स्टँडपर्यंतचा रस्ता अंधाराचा. खांब आहेत, दिवे आहेत, लागत नाहीत. त्यातल्या एकीनं वहीच्या मागच्या पानावर खांबांचे नंबर लिहून आणले होते, 14 खांब, त्यातले 3 चालू. मला एवढं कौतुक वाटलं, कारण मोठी माणसं येतात ती "सर्व दिवे बंद आहेत" एवढंच सांगतात, नंबर कोण लिहितं. नगरपंचायतीच्या मुख्याधिकाऱ्यांच्या नावानं निवेदन टाईप केलं, पाचीजणींच्या सह्या, पैसे घेतले नाहीत, आणि सांगितलं दोन कॉपी न्या, एक तिथं द्या, दुसरीवर शिक्का, सही, तारीख घ्या. त्यांनी मान हलवली. संध्याकाळी परत आल्या तेव्हा विचारलं, पोच घेतली का पोरींनो? तर म्हणे पोच म्हणजे काय. साहेब मीटिंगला होते, टेबलावरच्या माणसानं "ठेवून जा" म्हणून सांगितलं, ह्या दोन्ही कॉप्या ठेवून आल्या.

आता बघा, ह्याच पोरींना दहावीला इतिहास-राज्यशास्त्रात 40 पैकी 36, 38 असे मार्क आहेत. त्या पुस्तकात "सामाजिक व राजकीय चळवळी" नावाचा अख्खा धडा आहे, त्याच्या नोट्स दरवर्षी माझ्याकडनंच झेरॉक्स होऊन जातात. पण आवक-जावक टेबल कुठलं, पोच म्हणजे काय, साहेब नाहीत म्हटल्यावर परत किती वाजता जायचं, हे कुठल्या धड्यात नाही. ते घरात कुणाला तरी माहीत असावं लागतं.

पाचातल्या एकीच्या घरात माहीत होतं. तिची आई आशा वर्कर. 2024 च्या सुरवातीला आशा ताईंचा संप झाला, मुंबईला आझाद मैदानावर ठिय्या देऊन बसल्या होत्या, त्यात ही बाई होती, रात्री तिथंच झोपलेली. त्यामुळं त्या घरात निवेदन, धरणं, शिष्टमंडळ हे शब्द चहा-साखरेसारखे. पोरीनं घरी सांगितलं तर आईनं "कशाला गेलीस" असं नाही विचारलं, विचारलं "पोच कुठंय". दुसऱ्या दिवशी माझ्याकडनं परत दोन कॉप्या काढल्या आणि स्वतः सोबत गेली. दोन मिनिटांत शिक्का. टेबलावरचा माणूस तोच, पोरी त्याच, कागद तोच, फक्त शेजारी एक बाई उभी होती आणि "आवक नंबर टाका दादा" एवढं एक वाक्य बोलली.

इथवर छान चाललं होतं. मग पोरींनी शिक्क्याच्या कागदाचा फोटो काढला, पाचीजणी हसतायत, स्टेटसला टाकला. स्टेटसवरनं कुणीतरी गावाच्या ग्रुपवर टाकला आणि तिथं एकीच्या चुलत्यानं बघितला. "कॉलेजला पाठवलंय का मोर्चे काढायला?" तिचा फोन काढून घेतला, पंधरा दिवस क्लास बंद. दुसरीच्या भावाला मित्रांनी "काय रे, नगरसेविका झाली का ताई" म्हणून चिडवलं, झालं, तिनं पण यायचं सोडलं. क्लासच्या सरांनी बोलावून सांगितलं, तुमचं चांगलंय पण क्लासचं नाव कुठं यायला नको. सरांचं पण बरोबरच असेल त्यांच्या जागी, क्लास चालवायचाय. नगरसेवकांना भेटल्या तर ते म्हणाले, बाळांनो अभ्यास करा, आम्ही आहोत ना. (आमचं गाव नगरपंचायत झालं आणि ग्रामसभा गेली, नाही तर निदान 26 जानेवारीला उभं राहून विचारता तरी आलं असतं. असो.)

राहिल्या तीन. आणि त्यातल्या दोघी का राहिल्या ते ऐका, मला वाटतं सगळ्या पत्रात हीच एक गोष्ट वाचण्यासारखी आहे. एक म्हणाली, "काकू, हिची आई सोबत असली की माझे पप्पा पाठवतात." दुसरीचं पण तेच. म्हणजे एका घरातली एक आई तीन पोरींना पुरली. धाडस तिघींचं वेगवेगळं नव्हतंच, जी फोन गेल्यावर घरात बसली तीच तर खांबांचे नंबर लिहून आणणारी होती, पाचातली सगळ्यात हुशार आणि सगळ्यात चिडलेली. तिला काही पडलेलं नव्हतं असं कोण म्हणेल? तिच्या मागं कुणी उभं राहिलं नाही एवढंच. आणि मी पण नाही राहिले हे कबूल करते, चुलता माझ्या ओळखीचा, जाऊन बोलायला पाहिजे होतं, मी म्हटलं दुसऱ्याच्या घरात कशाला पडा.

दिवे लागले का? लागले, दोन महिन्यांनी, 14 मधले 9. आणि आठ दिवसांत चौकात फ्लेक्स लागला, अमुक अमुक यांच्या अथक प्रयत्नांना यश. पोरी दुकानात येऊन हसल्या, एकीचा चेहरा मात्र उतरला होता. आशाताई म्हणाल्या पोच आहे ना आपल्याकडं, जपून ठेव.

आता पोरांचं सांगते. आमच्याकडचा पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा सार्वजनिक कामात नाही असं कोण म्हणतं? गणपतीच्या आधी महिनाभर माझ्या दुकानात नुसती त्यांचीच गर्दी असते. वर्गणीची पावतीपुस्तकं, पोलिस स्टेशनचा परवानगी अर्ज, स्पीकरची परवानगी, लाईटचं तात्पुरतं कनेक्शन, जमा-खर्चाचा तक्ता. नववीतला पोरगा मला सांगतो की काकू, अर्जात मिरवणुकीचा मार्ग लिहायचा राहिला. 1893 पासनं चाललेली ही शाळा आहे आणि फुकट शिकवते, मोठा पोरगा लहान्याला घेऊन जातो, लहाना बघून बघून शिकतो, चुकला तर मंडळ सांभाळून घेतं. ह्यालाच तर आधार म्हणतात ना? आणि त्याच मंडळात पोरी कुठं असतात, आरतीला आणि रांगोळीला. पावतीपुस्तक त्यांच्या हातात मी सतरा वर्षांत दोनदा बघितलं.

पण पोरांच्या ह्या आधाराला दुसरी बाजू आहे, ती पण लिहिते. मंडळाच्या वरच्या पायरीवर कुणीतरी दादा नाही तर भाऊ उभा असतोच. पोराच्या वडिलांना दवाखान्यात न्यायचं तर गाडी तोच देतो, पोरगं भांडणात सापडलं तर पोलिस स्टेशनला तोच येतो, त्याच्या बापापेक्षा आधी येतो. मग वाढदिवसाच्या बॅनरवर खाली छोट्या फोटोत पोरगं येतं आणि रॅलीला बाईक घेऊन जातं, पेट्रोल आणि वडापाव मिळतो. लोक म्हणतात पोरं विकली गेली वडापाववर. साहेब, वडापाववर कुणीच विकलं जात नाही, पोरं जातात कारण तिथं त्यांना नावानं हाक मारणारं कुणी असतं. फक्त तिथं प्रश्न विचारायला शिकवत नाहीत, घोषणा द्यायला शिकवतात. म्हणजे आमच्याकडच्या पोराला आधार मिळतो तो असला, आणि पोरीला मिळतच नाही, आणि मग आपण म्हणायचं ह्या पिढीला काही पडलेलं नाही.

काका म्हणतात आमच्या वेळी असं नव्हतं. बरोबर आहे, नव्हतं, पण का नव्हतं? माझे वडील लहानपणी सेवादलाच्या शाखेत जायचे. राष्ट्र सेवा दल 1941 चं, गाणी, खेळ, श्रमदान, कलापथक. निळू फुले, स्मिता पाटील ही माणसं तिथनं आलेली. कुणाचं बरोबर कुणाचं चूक तो भाग वेगळा, शाखा दुसऱ्या विचारांच्या पण होत्या, गावोगाव होत्या. मुद्दा असा की संध्याकाळी पोरगं कुठं जातं, तिथं मोठं कोण असतं आणि तो मोठा त्याच्याशी कशावर बोलतो, हे ठरलेलं होतं. आता संध्याकाळी पोरगं क्लासला जातं आणि मोठा माणूस त्याच्याशी फक्त पर्सेंटेजवर बोलतो.

आणि माझ्या वेळचं सांगते. मी कॉलेजला गेले तेव्हा जीएसच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या जनरल सेक्रेटरीच्या निवडणुका होत्या, सीआर (वर्गाचा प्रतिनिधी), यूआर (विद्यापीठाचा प्रतिनिधी), पॅनल, रात्री जागून पोस्टरं रंगवणं. मारामाऱ्या पण व्हायच्या, 1989 ला मुंबईत तर कॉलेजच्या निवडणुकीच्या भांडणात एका विद्यार्थ्याचा खून झाला, मग हळूहळू सगळं बंद झालं आणि 1994 च्या विद्यापीठ कायद्यानं विद्यार्थी मंडळावर वर्गात पहिला आलेला पोरगा बसायला लागला. पहिला नंबर आला म्हणून प्रतिनिधी, मला तेव्हाही ह्याचं हसू यायचं. 2016 च्या नव्या कायद्यात निवडणुका परत आणायचं ठरलं, 2019 ला होणार होणार म्हणाले आणि पुढं ढकलल्या. म्हणजे माझ्यानंतरच्या तीस वर्षांतल्या पोरांनी कॉलेजात कुणाला मत दिलं नाही, कुणाचं मागितलं नाही, हरल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच कॅन्टीनला कसं बसायचं हे शिकले नाहीत. त्यांनाच आपण अठरा झाल्या झाल्या म्हणतो लोकशाहीचा उत्सव साजरा करा.

एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना आहे की, असं कुणी म्हणेल. आहे, 1969 ला गांधी शताब्दीच्या वर्षी सुरू झालेली, वर्षाला 120 तास, सात दिवसांचं शिबिर. माझा मुलगा करून आला, छान वाटलं त्याला, पहिल्यांदा झाडू घेतला हातात. पण तिथं पण तेच, रस्ता झाडा, रस्त्यावर दिवे का नाहीत ते विचारू नका. काही सर लोक फार चांगले असतात, आमच्या कॉलेजचे एक होते, ते पोरांना घेऊन तहसीलला जायचे, रेशनकार्डाच्या खिडकीत तासभर उभं करायचे आणि मग बाहेर चहा पाजून विचारायचे काय बघितलं. त्यांची बदली झाली आणि ते सगळं त्यांच्याबरोबर गेलं. एका माणसावर उभं असलेलं असंच जातं.

दरवर्षी 9 ऑगस्ट, 15 ऑगस्ट जवळ आला की भाषणाच्या प्रिंट मारायला आया येतात. सगळ्यात जास्त मागणी कुणाला, शिरीषकुमारला. नंदुरबारचा शिरीषकुमार मेहता, 1942 च्या 9 सप्टेंबरला तिरंगा घेऊन मिरवणुकीत होता, गोळ्या झेलल्या, वय पंधरा. लेकरू पाठ करतं, टाळ्या मिळतात, बक्षिसाचं सर्टिफिकेट परत माझ्याकडंच लॅमिनेशनला येतं. मला दरवेळी वाटतं की भाषणात ह्याला एकटाच उभा करतात. एकटा नव्हता हो तो. लालदास, धनसुखलाल, शशिधर, घनश्याम अशी त्याच्याबरोबरची चार पोरं त्याच दिवशी गेली, आणि मिरवणुकीत गाव होतं. ज्या चुलत्यानं पुतणीचा फोन काढून घेतला ना, त्याच्याच धाकट्या मुलाच्या शिरीषकुमारच्या भाषणाची प्रिंट मी त्याच वर्षी काढून दिलेली आहे. बोलले नाही काही. दहा रुपये घेतले.

घरच्यांची भीती खोटी आहे असं पण मी म्हणणार नाही. 2019 ला मुंबईत आरेमध्ये मेट्रोच्या कामासाठी रात्रीतनं झाडं तोडली तेव्हा 29 जणांना अटक झाली होती, त्यात कॉलेजची पोरं होती, ते टीव्हीवर आमच्या गावानं पण बघितलं. आमच्याकडं दोन घरांआड एक पोरगं पोलिस भरतीच्या नाही तर एमपीएससीच्या तयारीला लागलेलं असतं, एक गुन्हा दाखल झाला की चारित्र्य पडताळणीत अडकायचं हे त्या बापाला पक्कं माहीत असतं. तो नाही म्हणतो तेव्हा तो लोकशाहीविरोधी नसतो, घाबरलेला असतो. पण खांबावरच्या दिव्याचं निवेदन आणि गुन्हा ह्यात किती अंतर आहे हे त्याला सांगणारं पण कुणी नाही, तोच माझा मुद्दा. आधार फक्त पोरीला नाही, तिच्या बापाला पण लागतो.

आता मतदानाचं. 1989 ला मतदानाचं वय 21 चं 18 झालं. माझी भाची स्कॉटलंडात आहे, तिनं सांगितलं की 2014 ला त्यांच्याकडं वेगळं व्हायचं का यावर सार्वमत झालं त्यात 16 वर्षांच्या पोरांना पण मत होतं, आणि नंतर तिथल्या निवडणूक आयोगाच्या सर्व्हेत 16-17 वाल्यांमधले 75 टक्के म्हणाले आम्ही मत दिलं, आणि 18 ते 24 वाले फक्त 54 टक्के. धाकटी पुढं! मला आधी खोटं वाटलं. भाची म्हणाली, मावशी साधं आहे, सोळाचं पोरगं आई-बापाबरोबर राहतं, शाळेत वर्गात त्यावर बोलणं होतं, मतदानाला घरच्यांबरोबर जातं, आणि विशीतलं दुसऱ्या गावात खोली करून एकटं असतं. आपल्याकडं अगदी हेच होतं की, फक्त मत द्यायची वेळच नेमकी घर सुटल्यावर येते. बारावी झाली की पोरगं पुण्याला, नाव गावात नाही आणि पुण्यात पण नाही. 2024 च्या लोकसभेला सगळ्या देशात पहिल्यांदा मत देणारे, 18-19 चे, 1 कोटी 82 लाख होते यादीत, आकडा मोठा वाटतो पण ह्या वयाची किती पोरं आहेत देशात त्याचा विचार केला तर निम्म्याहून जास्त बाहेरच राहिलेली.

आणि सोय नाही असं पण नाही. 17 पूर्ण झालं की मतदार यादीत नाव घालायचा फॉर्म 6 आधीच भरून ठेवता येतो, वर्षातनं चार तारखा आहेत, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरची 1 तारीख, अठरा झाले की नाव लागतं. हे 2022 पासनं आहे. आमच्या कॉलेजात 25 जानेवारीला मतदार दिनाची रांगोळी निघते, शपथ होते, फोटो येतो तुमच्याच पेपरात. त्या शपथ घेतलेल्यांतल्या किती जणांना कुणी बसवून फॉर्म भरून दिला ते मला विचारा, फॉर्म माझ्याकडं भरतात ना. मागच्या वर्षी रांगोळीचा रंग जास्त विकला गेला.

संपादक साहेब, तुमच्याकडं पण एक मागणं आहे, राग मानू नका. तालुका पानावर पोरापोरींचा फोटो छापता तेव्हा खाली "यांच्या मार्गदर्शनाखाली" म्हणून ज्याचं नाव येतं त्यानं खरंच मार्ग दाखवला का एवढं बातमीदाराला विचारायला सांगा. आमच्या पोरींचे दिवे लागले त्याची बातमी आली होती, तिच्यात पोरी नव्हत्या. मी कात्रण ठेवलंय, पोचेच्या झेरॉक्सबरोबर.

शेवटचं एक सांगते आणि थांबते. परवा दुपारी दुकानात कुणी नव्हतं तेव्हा ती आली, खांबांचे नंबर लिहिणारी, आता बारावी झाली, अठरा पूर्ण व्हायला दोन महिने आहेत. म्हणाली फॉर्म 6 भरायचाय. घरी विचारलं होतं तर म्हणे आत्ता कशाला, लग्न झालं की सासरच्या यादीत घालू नाव. (हे वाक्य मी ह्या दुकानात इतक्या वेळा ऐकलंय की त्याचा स्टॅम्प करून ठेवावा.) आधार, फोटो, दहावीचं सर्टिफिकेट सगळं व्यवस्थित पिशवीत घालून आणलेलं. फॉर्म भरत आणला आणि मोबाईल नंबर कुणाचा टाकू विचारलं तर जरा गप्प बसली. मग म्हणाली, काकू तुमचा टाका ना, घरच्या फोनवर मेसेज आला की विचारतील.

मी माझा टाकला. बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारा माणूस, घरी चौकशीला जाईल तेव्हा चुलता असणार तिथं, तर ह्या वेळी आधीच जाऊन त्याच्याशी बोलून येणार आहे, रविवारी दुकान बंद असतं तेव्हा.

आपली,
एक झेरॉक्सवाली,
जि. सातारा
(नाव छापू नये ही विनंती)